अकरा गोल

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ऑस्लोच्या त्या सामन्याला महिना उलटून गेला, तरी त्याचा आकडा डोक्यातून जात नाही. ९ सप्टेंबरला फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत नॉर्वेने मोल्दोव्हाला ११-१ असे हरवले. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, मध्यंतरालाच ५-० झाले होते, आणि शहाण्या माणसाने दूरचित्रवाणी बंद करून झोपायला हवे होते. मी बसून राहिलो, कारण माझे लक्ष नॉर्वेच्या हालांडच्या पाच गोलांपेक्षा मैदानाकडेला उभ्या असलेल्या मोल्दोव्हाच्या प्रशिक्षकाकडे, सेर्गेई क्लेश्चेंकोकडे होते. पुढे लवकरच त्याचे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद संपले. तेव्हापासून एक विचित्र योगायोग मला छळतो आहे: खेळाडू म्हणून या माणसाने देशासाठी केलेले गोलही अकराच होते. ते जमवायला त्याला सुमारे पंधरा वर्षे आणि ६९ सामने लागले होते. तेवढेच गोल त्याच्या संघाने नव्वद मिनिटांत खाल्ले.

अकरा हा आकडा वाचून कुणी हसेल, पण तो कितीतरी वर्षे मोल्दोव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. क्लेश्चेंको १९७२ सालचा. सोव्हिएत संघ मोडून देश स्वतंत्र झाला त्या १९९१ मध्ये तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे देश आणि त्याची कारकीर्द जवळजवळ एकदमच उभी राहिली. राजधानी किशिनाउच्या झिम्ब्रू संघात तो घडला. नव्या देशाच्या साखळी स्पर्धेत त्या काळी या संघाचीच सत्ता होती. पुढे तो इस्रायलमध्येही खेळला. क्लबकडून खेळताना गोल होत राहतात, कारण चेंडू तुमच्यापर्यंत पोचत असतो. पंचवीस-तीस लाख वस्तीच्या देशाच्या आघाडीवीराचे दुखणे वेगळे. त्याचे दहा सहकारी बहुतेक वेळ स्वतःच्या गोलसमोर अडकलेले असतात, तो एकटाच पुढे, दोन धिप्पाड बचावपटूंच्या मध्ये, पाठ गोलकडे करून, मागून कधीतरी येणाऱ्या लांब चेंडूची वाट पाहत उभा असतो, आणि तो आलाच तर पहिल्याच स्पर्शात काहीतरी करून दाखवावे लागते, कारण दुसरी संधी त्या संध्याकाळी मिळेलच असे नाही.

प्रशिक्षक क्लेश्चेंकोचा संघ पाहताना मला हाच आघाडीवीर सतत आठवायचा. २०२१ च्या अखेरीस त्याने सूत्रे घेतली तेव्हा मोल्दोव्हाने विश्वचषक पात्रतेच्या दहा सामन्यांत जेमतेम एक गुण मिळवला होता. गंमत अशी की, त्याच वर्षी मोल्दोव्हातल्याच तिरास्पोलच्या शेरिफ या क्लबने माद्रिदमध्ये रेआल माद्रिदला २-१ ने हरवून साऱ्या युरोपला चकित केले होते. पण त्यात बहुतेक खेळाडू परदेशी, आणि शेवटच्या क्षणी विजयी गोल करणारा थिल तर लक्झेम्बर्गचा. राष्ट्रीय संघाच्या पदरात त्या चमत्कारातले फारसे काही पडणार नव्हते.

म्हणूनच २० जून २०२३ ची संध्याकाळ मला अधिक मोलाची वाटते. युरो, म्हणजे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत किशिनाउमध्ये पोलंडविरुद्ध मोल्दोव्हा मध्यंतराला ०-२ ने मागे होता. दुसरा गोल लेवांडोव्स्कीचा. जागतिक क्रमवारीत १७१व्या असलेल्या संघाने यानंतर आणखी गोल न खाण्याची काळजी घ्यावी, एवढीच कुणाची अपेक्षा असणार. पण ४८व्या आणि ७९व्या मिनिटाला इयॉन निकोलाएस्कूने गोल केले, ८५व्या मिनिटाला बाबोग्लोने तिसरा केला आणि सामना ३-२ असा फिरला. वॉर्सामध्येही त्यांनी १-१ अशी बरोबरी साधली. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात, २० नोव्हेंबरला, ओलोमौत्स येथे चेक प्रजासत्ताकाला हरवले असते, तर मोल्दोव्हा इतिहासात प्रथमच युरो स्पर्धेला पोचला असता. ते ०-३ ने हरले. एका विजयाच्या अंतरावर! त्या पराभवाचे मला ऑस्लोपेक्षा जास्त वाईट वाटते, कारण ऑस्लोत गमावण्यासारखे फारसे उरलेच नव्हते.

क्लेश्चेंकोचा अकरा गोलांचा विक्रम निकोलाएस्कूने मोडला, आणि तोही क्लेश्चेंको स्वतः प्रशिक्षक असताना. आपला विक्रम मोडणाऱ्याचे नाव दर सामन्याआधी आपल्याच हाताने संघाच्या यादीत लिहिताना त्याला काय वाटत असेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटते, त्याला सुटल्यासारखे वाटत असावे. इतका लहान विक्रम इतकी वर्षे सांभाळणे हेही ओझेच.

ऑस्लोत मोल्दोव्हाच्या नावापुढे जो १ लागला, तो ७४व्या मिनिटाला. मी क्षणभर सावरून बसलो. मग पुन्हा दाखवलेले दृश्य पाहिल्यावर कळले की चेंडू आत गेला तो नॉर्वेच्याच ओस्टिगार्डला लागून, आणि गोल नोंदला गेला तोही त्याच्याच नावावर.