झाड काहीच करत नाही का?

गेल्या मृग बहारात आमच्या सांगोल्याच्या डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग आला. आबांनी एक पान उन्हात धरलं. मधे तपकिरी ठिपका, भोवती तेल सांडल्यासारखी ओलसर कडा. "झाड काहीच करत नाही का गं?" मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, पण त्यांना नीट सांगायला मला संध्याकाळ लागली.

करतं, आबा. झाडाला रक्त नाही, गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, म्हणून प्रत्येक पेशीच पहाऱ्यावर असते. जिवाणू ज्या शेपटीनं पोहतो, तिच्या प्रथिनातला फक्त 22 अमिनो आम्लांचा तुकडा पेशीला शत्रू ओळखायला पुरतो. तो ओळखणारा एफएलएस2 हा ग्राहक, म्हणजे पेशीवरचं खूण टिपणारं प्रथिन, 2000 साली मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात सापडला. ओळख पटली की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग पेशीच्या भिंतीवर कॅलोज या चिवट शर्करा-पदार्थाचा गिलावा चढतो.

मला सगळ्यात भावतात ती पर्णरंध्रं, पानावरची बारीक छिद्रं. जिवाणूची चाहूल लागताच ती मिटतात! टोमॅटोवरचा स्यूडोमोनास हा जिवाणू मात्र कोरोनाटिन नावाचं विष सोडून ती पुन्हा उघडायला लावतो. तेल्या आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूचं कुळ तर थेट पेशीत प्रथिनं टोचून पहारेकऱ्याला गप्प करतं.

आबा बराच वेळ पानाकडे बघत राहिले. "आणि आपण कात्रीनं केलेल्या जखमेतून तो आयताच आत जातो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक झाडानंतर कात्री हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवायला लागले.