धूर कुठं कलतोय ते बघ

विमान चालवतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग वरनं झकास फोटो काढत असशील की!" माझे दोन्ही नाद ठाऊक असल्यामुळं लोकांना तसं वाटणं साहजिक आहे. पण मी विमान चालवत असतो तेव्हा कॅमेरा मागच्या सीटवर बॅगेत असतो, आणि बॅगेची चेन लावलेली असते.

हे मी एक चूक करून शिकलो. लायसन्स हातात येऊन दोनच महिने झाले होते. वडूजच्या आसपास सकाळचं कोवळं ऊन पॅनेलवरच्या काचांवर उतरलं होतं. एकच फोटो काढू, म्हणून डावा हात योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर ठेवला आणि उजव्या हातानं कॅमेरा डोळ्याला लावला. अर्ध्या मिनिटानं मान वर केली तर उंची 200 फुटांनी घटलेली, दिशा 15 अंश सरकलेली. धोका झाला नाही, पण माझ्या पोटात गोळा आला तो बारामतीला उतरेपर्यंत तसाच होता. फोटो त्याच संध्याकाळी पुसून टाकला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. चाळिशीच्या तोंडावर बारामतीला जाऊन शिकलो. खाजगी पायलटच्या लायसन्सला किमान 40 तासांचं उड्डाण लागतं. हे तास शनिवार-रविवारचे गोळा करता करता माझी अडीच वर्षं गेली. या लायसन्सवर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही. आपल्या हौसेसाठी उडायचं, तासाचं भाडं आपल्या खिशातनं भरायचं.

फोटोची हौस मात्र त्याच्या कितीतरी आधीची, उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाबाहेरची. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली सुरू झालेला हा विमानतळ. माझ्या लहानपणी तिथं विमानापेक्षा गवतच जास्त दिसायचं. 2018 मध्ये उडान योजनेत प्रवासी विमानं पुन्हा यायला लागली आणि माझा कॅमेरा कपाटातनं बाहेर आला.

पहिला एटीआर, म्हणजे पंख्यांवर उडणारं प्रवासी विमान, मी 1/1000 सेकंदाच्या शटरला टिपला. अगदी धारदार फोटो. वर्कशॉपमध्ये दाखवला तर आमचा फिटर म्हणाला, "मालक, पंखा बंद पडलाय काय?" त्याचं बरोबर होतं. प्रोपेलरची पाती जागच्या जागी गोठली होती, विमान हवेत टांगल्यासारखं दिसत होतं. मग कागदावर हिशोब मांडला. एटीआर 72 च्या प्रोपेलरला सहा पाती, म्हणजे दोन पात्यांत 60 अंश. पूर्ण वेगात मिनिटाला 1200 फेरे, म्हणजे सेकंदाला 20. शटर 1/125 ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं जवळजवळ 58 अंश फिरतं, आणि फोटोत अखंड चकती उमटते. लेथवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशोब जमल्यावर जो आनंद झाला, तो सांगून कळायचा नाही. आता 1/125 ला विमानाबरोबर कॅमेरा एका लयीत फिरवावा लागतो. वीस काढावेत तेव्हा एखादा साधतो.

उन्हाचंही तसंच. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम, म्हणून हिवाळाभर मी दक्षिणेच्या बाजूला थांबतो. सूर्य पाठीशी राहतो आणि विमानाचं पोट उजळतं. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस होऊन गेला की दुपारचा सूर्य उत्तरेला सरकतो. मग माझा मुक्कामही पलीकडं.

खरं सांगायचं होतं ते आमच्या घरचं गुऱ्हाळ सांभाळणाऱ्या आण्णांबद्दल.

यंदा जानेवारीत आण्णांना बारामतीहून कोल्हापूरला घेऊन आलो. सेसना 172 हे छोटं विमान, सरळ रेषेत साधारण 95 नॉटिकल मैल, तासाभराचा रस्ता. पहाटे टाकीच्या तळातनं पेट्रोलचा नमुना काढला. पारदर्शक नळीत ते फिकट निळं पेट्रोल उजेडासमोर धरलं. पाणी असेल तर ते तळाशी थेंब होऊन बसतं. आण्णा वाकून बघत होते. "दुधाला लॅक्टोमीटर लावत्यात तसंच की," म्हणाले. फ्लाइट प्लॅन, उड्डाणाच्या परवानगीचे एडीसी आणि एफआयसी नंबर हे सगळं होईपर्यंत ते हूं की चूं न करता बसून राहिले.

वडूजकडची जमीन तपकिरी, मधेच एखादं शेततळं चकाकतं. मग कृष्णा येते आणि खालचा रंगच बदलतो. एका बाजूला कोरडं रान, दुसऱ्या बाजूला नजर जाईल तिथवर ऊस. वारणा ओलांडली तसं आण्णा खिडकीला चिकटले. धुक्याचा पातळ थर होता आणि त्यातनं गुऱ्हाळांचे धूर वर आले होते, एक, दोन, पाच, सात. सगळे एकाच बाजूला, पंचगंगेच्या वरच्या अंगाला कललेले. आयुष्यात एवढं सुंदर दृश्य मी कॅमेऱ्यातनं कधी पाहिलं नव्हतं. माझे दोन्ही हात कामात होते.

"धूर कुठं कलतोय ते बघ," आण्णा हेडसेटमधून म्हणाले. "उगवतीचं वारं हाय."

पुढच्याच मिनिटाला टॉवरनं वारा सांगितला: 080 अंश, म्हणजे जवळजवळ पूर्वेकडनं, 5 नॉट. धावपट्टी 07, म्हणजे पूर्वेकडं तोंड करून उतरायचं. चाळीस वर्षं चुलवाणापुढं बसलेल्या माणसानं तो टॉवरच्या आधी वाचला होता. पश्चिमेकडनं वळून आलो, हायवे पायाखालनं गेला, ऊन उजव्या डोळ्यावर आलं. चाकं टेकली तेव्हा आण्णांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो कधी ठेवला ते मला कळलंच नव्हतं.

लॉगबुकात शेरा लिहिला, "गुऱ्हाळांचे धूर, उगवतीचं वारं." त्या सकाळचा फोटो माझ्याकडं एवढाच.

गाडीतनं घरी जाताना आण्णा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, भारावलेत. हायवेला लागल्यावर म्हणाले, "आपल्या गुऱ्हाळाचा धूर बघितलास न्हवं? सगळ्यांत पांढरा. चिपाड वलं हाय अजून. उद्यापास्नं दोन दिस उन्हात टाकाय सांगतो."