ऑफलाइन जाण्यासाठी आधी ऑनलाइन या

१६ नोव्हेंबर २००४ रोजी हाफ-लाइफ २ हा पीसीवरचा गेम आला. दुकानातून पेटी घेणाऱ्याला आत पाच सीडी मिळायच्या. पाचही सीडी एकामागून एक घालून झाल्या, हार्ड डिस्कवर साडेचार जीबी जागा गेली, तरी गेम सुरू होत नव्हता. आधी स्टीम, म्हणजे गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं गेम विकायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, इन्स्टॉल करा, अकाउंट उघडा, पेटीतला कोड म्हणजे ‘की’ टाका, आणि मग सर्व्हरकडून परवानगी येईपर्यंत थांबा. सीडीवरच्या फायली कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड होत्या. ते कुलूप उघडायची किल्ली इंटरनेटवरूनच यायची. ज्यांनी ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने गेम प्रीलोड म्हणजे आधीच डाउनलोड करून ठेवला होता त्यांचीही तीच गत. सगळे जण एकाच दिवशी त्याच सर्व्हरच्या दारात उभे राहिले आणि सर्व्हर कोलमडले. एकट्याने खेळायच्या गेमसाठी हे सगळं!

त्या काळातल्या डिजिटल वितरणावर माझा राग आहे तो एवढ्यासाठी की, या सगळ्या व्यवस्था इंटरनेटची लाइन कायम चालू आहे असं गृहीत धरून बांधल्या होत्या. लाइन जिथे तुटेल तिथे काय करायचं, याचा विचार अगदी शेवटी झाला, आणि तोही अर्धवट. आज कोणी जुना पीसी उघडून बसलं किंवा ‘तेव्हा लोक स्टीमला एवढ्या शिव्या का घालायचे’ असं विचारलं, तर उत्तर तपशिलात आहे. म्हणून तपशीलच लिहितो.

सुरुवात स्टीमच्या ऑफलाइन मोडपासून. नाव ऐकून वाटतं, नेट गेलं की हा मोड कामाला येईल. प्रत्यक्षात त्याची तयारी नेट असतानाच करावी लागायची. लॉगिन करताना ‘पासवर्ड लक्षात ठेवा’वर टिक हवी. हवा असलेला गेम पूर्ण अपडेट झालेला हवा, यादीत त्याच्यासमोर ‘१०० टक्के, तयार’ असं दिसायला हवं. तो गेम ऑनलाइन असताना एकदा तरी चालवून मेन्यूपर्यंत न्यायला हवा, कारण फायलींचं शेवटचं कुलूप आणि काही गेमचं पहिल्या वेळचं इन्स्टॉल तेव्हाच व्हायचं. एवढं झालं की मग स्टीमच्या मेन्यूतून ‘गो ऑफलाइन’. यातली एक पायरी राहिली आणि त्याच रात्री लाइन गेली, तर समोर तो कुप्रसिद्ध चौकोन यायचा: स्टीम ऑफलाइन मोडमध्ये असताना ही क्रिया पूर्ण करता येणार नाही. ऑनलाइन जाता येत नाही म्हणून ऑफलाइन जायचं, तर ऑफलाइनमध्ये गेम उघडत नाही.

यात सगळ्यात जास्त नुकसान एका लोकप्रिय सल्ल्याने केलं. स्टीम बिघडलं की लोक सांगायचे, ‘क्लायंटरजिस्ट्री.ब्लॉब डिलीट कर.’ स्टीमच्या मुख्य फोल्डरमधली ही फाइल खरंच वरचेवर खराब व्हायची, विशेषतः वीज अचानक गेली तर. डिलीट केली की स्टीम ती नव्याने बनवायचं आणि बरेच आजार बरे व्हायचे. पण लक्षात ठेवलेलं लॉगिनही त्याच फाइलमध्ये असायचं. नेट बंद असताना ती उडवली की ऑफलाइन मोडचा उरलासुरला आधारही जायचा, आणि लाइन परत येईपर्यंत एकही गेम चालायचा नाही. बरोबर पद्धत अशी: ऑनलाइन सगळं सुरळीत चालू असताना स्टीम पूर्ण बंद करायचं, या फाइलची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि गडबड झाली तर खराब फाइलचं नाव बदलून ती प्रत जागेवर आणायची. थेट डिलीट हा शेवटचा उपाय, आणि तोही नेट चालू असतानाच.

आता जीसीएफ. व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम २०१३ पर्यंत साध्या फोल्डरमध्ये सुट्या फायली म्हणून राहत नव्हते. स्टीमॲप्स फोल्डरमध्ये मोठमोठ्या जीसीएफ फायली असायच्या: सोर्स मटेरियल्स, सोर्स मॉडेल्स, सोर्स साउंड्स, काउंटर-स्ट्राइक वगैरे. प्रत्येक फाइल म्हणजे एक बंद गोदाम, आणि गेमला हवा तो माल स्टीम त्यातून काढून द्यायचं. कल्पना वाईट नव्हती. एकच गोदाम दोन-तीन गेमना वापरता यायचं, त्यामुळे हाफ-लाइफ २ आधीच असेल तर सोर्स इंजिनचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या त्याच मूळ सॉफ्टवेअरवर बांधलेला, पुढचा गेम कमी डाउनलोडमध्ये यायचा. त्रास अपडेटनंतर सुरू व्हायचा. नवे तुकडे गोदामात जिथे जागा मिळेल तिथे पडायचे, आणि काही महिन्यांत फाइल आतून विस्कळीत व्हायची. मग नकाशा उघडायला वेळ लागतो, ऐन गोळीबारात आवाज अडकतो, चित्र क्षणभर थिजतं. लोक विंडोजचं डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फायली सलग लावायचं साधन, चालवायचे आणि फरक पडत नाही म्हणून वैतागायचे. फरक पडणार कसा? विंडोजला बाहेरची एकच मोठी फाइल दिसते, आतली विस्कटलेली मांडणी दिसत नाही. त्यासाठी गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकल फाइल्स या टॅबवर जाऊन ‘डीफ्रॅगमेंट कॅश फाइल्स’ वापरायचं, आणि त्यानंतर विंडोजचं डीफ्रॅग. क्रम उलटा केला तर मेहनत वाया.

त्याच टॅबवर फायली तपासायचं बटण होतं. त्याचा उपयोग चांगला होता, पण खराब आढळलेला भाग ते लगेच पुन्हा डाउनलोड करायचं. मोजून डेटा असणाऱ्याने ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दाबू नये.

डेटाचा हिशोब इथे करायलाच हवा, कारण अमेरिकेतली तक्रार आणि आपल्याकडची तक्रार इथे वेगळी होते. आपल्याकडे २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. बीएसएनएलचं डेटावन आणि मुंबईत एमटीएनएलचं ट्रायबँड २००५ मध्ये आलं, आणि सुरुवातीच्या प्लॅनमध्ये महिन्याला ४०० एमबी अशीही मर्यादा होती. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३२ केबी. साडेचार जीबीला सलग ४१ तास, तेही लाइन एकदाही न पडता. पुढे बीएसएनएलच्या होम ५०० प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड अमर्याद होतं. रोजचे सहा तास धरले तर २५६ वर सात रात्री. २००७ मध्ये वेग २ एमबीपीएसपर्यंत गेला तेव्हा तेच काम एका रात्रीत बसायला लागलं. आपल्याकडे गेम विकत घेण्याचा खरा प्रश्न कितीतरी दिवस ‘दोन ते आठ’ हाच होता.

आणि स्टीमला वेळ कळत नव्हती. सुरुवातीची कितीतरी वर्षं डाउनलोडचं वेळापत्रक नव्हतं, वेगावर मर्यादा घालायची सोय नव्हती. सेटिंग्जमध्ये इंटरनेटचा अंदाजे वेग निवडायची जागा होती. तिला लोक मर्यादा समजायचे, पण तिथे आकडा कमी केला तरी डाउनलोड आवरत नव्हतं. त्यात स्टीम विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हायचं आणि प्रत्येक गेम ‘कायम अपडेट ठेवा’वरच असायचा. दुपारी कोणी मेल बघायला पीसी लावला की मागे दोनशे एमबीचा पॅच म्हणजे गेमचा दुरुस्ती-अपडेट सुरू, आणि कळायचं बिल आल्यावर.

यावरचा उपाय विंडोज एक्सपीच्या ‘शेड्यूल्ड टास्क्स’मध्ये होता. आधी सेटिंग्जमधून स्टीमचं विंडोजबरोबर सुरू होणं बंद करायचं. मग दोन कामं लावायची: दोन वाजून दहा मिनिटांनी स्टीम सुरू, आणि सात पन्नासला स्टीम बंद. बंद करण्याच्या कामात स्टीमच्याच ईएक्सई फाइलचा पत्ता द्यायचा आणि पुढे एक जागा सोडून, आधी डॅश लावून, इंग्रजीत ‘शटडाउन’ लिहायचं. म्हणजे स्टीम आपलं लिहिणं पुरं करून शिस्तीत बंद होतं. टास्क मॅनेजरसारखं जबरदस्तीने मारलं तर जीसीएफ अर्धी लिहिलेली राहते आणि दुसऱ्या रात्रीचे दोन तास तपासणीत जातात. दोन्ही टोकांना दहा मिनिटं सोडायची, कारण पीसीचं घड्याळ आणि कंपनीचं घड्याळ जुळेलच असं नाही. आणि मोडेमही यूपीएसवर घ्यायचा. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत पीसी यूपीएसवर आणि मोडेम भिंतीच्या सॉकेटवर, अशी जोडणी घरोघरी होती. वीज गेली की पीसी जिवंत आणि लाइन मेलेली.

डीव्हीडी घेतली म्हणजे सुटका, असंही नव्हतं. डिस्क घालून की टाकली की स्टीम कित्येकदा डिस्ककडे दुर्लक्ष करून सगळं नेटवरून आणायला लागायचं. ते लगेच थांबवायचं, लोकल फायली डिलीट करायच्या, स्टीम बंद करायचं. मग ‘रन’मध्ये स्टीमच्या ईएक्सईचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत, पुढे डॅश लावून ‘इन्स्टॉल’ आणि त्यापुढे डीव्हीडी ड्राइव्हचं अक्षर व कोलन. आता ते डिस्कवरून कॉपी करायचं. डिस्क छापल्यानंतर आलेले पॅच मात्र नेटवरूनच घ्यावे लागायचे.

ज्याच्याकडे गेम आधीच आहे अशा मित्राकडून जीसीएफ आणणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता, आणि त्यात फुकट गेम मिळत नव्हता, कारण तुमच्या अकाउंटवर गेम नसेल तर त्या फायली निरुपयोगी. दोन्हीकडे स्टीम बंद, फायली स्टीमॲप्समध्ये टाकायच्या, लॉगिन करून इन्स्टॉल म्हणायचं. मजकूर जुना असेल तर स्टीम तेवढाच फरक घ्यायचं. एक गोष्ट लोक विसरायचे: सेव्ह केलेले खेळ जीसीएफमध्ये नसायचे. ते स्टीमॲप्समध्येच तुमच्या अकाउंटच्या नावाच्या फोल्डरमध्ये, गेमच्या नावाखाली असायचे. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे बिघाड झाला म्हणून कंट्रोल पॅनलमधून स्टीम अनइन्स्टॉल करणं. त्याबरोबर स्टीमॲप्स अख्खं जायचं. सात रात्रींचं डाउनलोड एका क्लिकमध्ये! आधी ते फोल्डर बाहेर हलवायचं, मग काय ते अनइन्स्टॉल.

हॉस्टेलमधल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. ब्राउझर चालतो, स्टीम चालत नाही. कारण तेव्हाचं स्टीम वेबच्या नेहमीच्या वाटेने जात नव्हतं. त्याला टीसीपीचे २७०३० ते २७०३९ आणि यूडीपीचे २७००० ते २७०१५ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या वाटा, उघडे लागायचे. कॉलेजचं नेट प्रॉक्सीमधून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, येत असेल तर स्टीममध्ये प्रॉक्सी भरायला जागाच नव्हती. तिथे बॅकअप हाच पर्याय: ज्याच्या घरी लाइन आहे त्याने स्टीममधूनच बॅकअप काढायचा, सीडी किंवा डीव्हीडीच्या मापाचे तुकडे करायचे, आणि डिस्कवर लिहून आणायचे. तरीही लॉगिनसाठी एकदा उघडी लाइन हवीच.

स्टीमवर एवढं लिहिलं कारण ते टिकलं आणि सुधारलं. बाकीच्यांची गाऱ्हाणी थोडक्यात. ईए या गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम ठरावीक मुदतीतच पुन्हा डाउनलोड करता यायचा, मूळ मुदत सहा महिने, आणि ती वाढवायला वेगळे पैसे. ईएच्याच २००८ च्या स्पोअर या गेमला सुरुवातीला तीनच ॲक्टिव्हेशन होती, म्हणजे विंडोज तीनदा टाकलं की संपलं. युबिसॉफ्ट या कंपनीने २०१० मध्ये आपल्या असॅसिन्स क्रीड २ या गेमला अखंड जोडणीची अट घातली. लाइन पडली की खेळ जागीच थांबायचा. त्याच मार्चमध्ये त्यांचे सर्व्हर पडले, तेव्हा पैसे मोजलेले लोक ताटकळले. हे मला आजही अक्षम्य वाटतं.

गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या सेवेची गोष्ट मात्र जवळून बघण्यासारखी आहे. तिच्यावर चालणाऱ्या जीटीए ४ या गेममध्ये लाइव्हच्या प्रोफाइलमध्ये साइन इन केल्याशिवाय खेळ सेव्हच होत नव्हता. नेट नसलेल्या माणसाने करायचं काय? सोय होती, पण कुठे? कीबोर्डवरचं होम बटण दाबून ‘नवं प्रोफाइल बनवा’ निवडायचं. समोर ऑनलाइन प्रोफाइलबद्दलचा मजकूर यायचा आणि खाली ‘पुढे’चं बटण. ते दाबायचं नाही. तो मजकूर खालपर्यंत स्क्रोल करायचा, तिथे ओळींमध्येच स्थानिक प्रोफाइलची एक बारीक लिंक सापडायची. ती दाबली की नाव टाका आणि नेटशिवाय सेव्ह चालू. पुढे ऑनलाइन प्रोफाइल केलं तर जुने सेव्ह त्यात उघडत नव्हते, ते प्रोफाइलला बांधलेले असायचे. म्हणून कुठलं प्रोफाइल ठेवायचं हे पहिल्या मिशनच्या आधीच ठरवायचं.