कित्तूरचा वाडा बघायचाय? आधी म्युझियममध्ये शिरा

बेळगावात जन्म गेला तरी राणी चन्नम्मांचा कित्तूरचा वाडा आतून न बघितलेले ढिगानं आहेत, धारवाडला जाताना हायवेवरून बोट दाखवायचं आणि गाडी सुसाट पुढं. परवा सुट्टीला आम्ही घरचे सगळे मुद्दाम गेलो. साधारण ५० किमी, वाटेत हिरेबागेवाडीचा टोल.

झुंबरं, सिंहासन असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. छप्पर गेलंय, उरल्यात त्या भिंती आणि जोती. पण आतली मांडणी अजून कळते, सदर, जेवणघर, स्वैपाकघर, न्हाणीघर आणि तिथं पाणी खेळवायची सोय सुद्धा. म्हणून आधी किल्ल्यातलंच म्युझियम बघा. कोरीव लाकडी दारं-खिडक्या तिथं आहेत, शिवाय तलवारी, चिलखतं. ते बघून वाड्यात शिरलात की रिकाम्या चौकटीत आपसूक दार बसतं, नाहीतर पोरं पाच मिनिटांत "चला की घरी" म्हणणार.

आमची पोरं अडकली ती भिंतीतल्या गोल भोकापाशी. ध्रुवतारा बघायला ठेवलेलं. आपल्या भागात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १५-१६ अंश वर, त्यामुळं भिंतीतूनच काम भागतं. दिवसा अर्थात नुसतं आभाळ.

इतिहास थोडक्यात: १८२४ मध्ये कित्तूरचे राजे शिवलिंगरुद्रसर्जा वारले, त्यांचा दत्तक ईस्ट इंडिया कंपनीनं मानला नाही, धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला आणि २३ ऑक्टोबरला इथंच मारला गेला. डिसेंबरात इंग्रज जादा फौजेनिशी परत आले, किल्ला पडला, राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत, १८२९ मध्ये तिथंच वारल्या. शाळेत दत्तक नामंजूर म्हटलं की डलहौसी घोकायचो, तो माणूस हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला १८४८ ला!

जायचं तर सकाळीच, वाड्यात सावली नाही. पावसाळ्यात शेवाळ असतं, चप्पल नको, बूट घाला. म्युझियमची सुट्टी आधी विचारून घ्या. बसनं जाणार असाल तर कित्तूरला थांबते का हे कंडक्टरला विचारूनच चढा, नॉनस्टॉपवाले सरळ धारवाडला नेतील. ऑक्टोबरात कित्तूर उत्सव असतो, कार्यक्रम बघायचे तर तेव्हा जा, वाडा निवांत बघायचा तर ते दिवस सोडून. वेळ उरला तर तसंच पुढं बैलहोंगलला राणीच्या समाधीवर जाऊन या. राणीच्या फौजेतल्या संगोळी रायण्णांचं नंदगड मात्र त्याच दिवशी बसवू नका, ते खानापूरच्या बाजूला, उगाच पळापळ होते.