जळगाव-भुसावळ: चांगलं पॅटिस कसं शोधायचं

जळगावात बेकरीचं पॅटिस कुठंही मिळतं. चांगलं हवं असेल तर वेळ साधावी लागते आणि माल कोणत्या भट्टीचा आहे ते विचारावं लागतं. स्टेशनातून बाहेर पडलं की नेहरू चौक, टॉवर चौक, गोलाणी मार्केट, फुले मार्केट, नवी पेठ हा सगळा टापू पायी होतो. बेकऱ्या, कचोरीच्या गाड्या, फरसाणवाले यातच सापडतात. रिक्षा करायची गरज नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळी अकराच्या आत फिरून घ्या.

काउंटरवर गेल्यावर पॅटिस मागू नका, आधी शंभर ग्रॅम खारी घ्या. खारी आणि पॅटिस एकाच जातीच्या पिठाचे असतात. मैद्याच्या पोळीत मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायची घट्ट चरबी) घालून ती लाटायची, तीन पदरी घडी घालायची, विसावू द्यायची, पुन्हा लाटायची. अशा चार घड्या नीट पडल्या तर चरबीचे ८१ थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थरांमध्ये अडकते आणि पदर उचलले जातात. म्हणून खारी मधोमध मोडून बघा. आत पदर सुटे दिसले, मधली पट्टी कच्ची आणि चिकट नसली, तर त्या कारागिराचा हात चांगला आहे. मग पॅटिस बिनधास्त घ्या. खारीच दडस असेल तर तिथलं पॅटिसही तसंच निघणार, सारण कितीही चविष्ट असो.

खानदेशात हे पीठ सांभाळणं अवघड, आणि त्याचं कारण हवा. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, इथं मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. म्हणून बेकरीवाले जास्त तापमानाला वितळणारं मार्गारिन वापरतात, पीठ बर्फाच्या पाण्यात मळतात आणि लाटायचं काम पहाटे उरकतात. ज्याने दुपारी लाटलं, त्याची चरबी घड्या घालतानाच पिठात जिरते. पदर सुटत नाहीत आणि भाजताना तेल खाली ट्रेमध्ये उतरतं. ओळखायची खूण सोपी आहे: पॅटिस कागदावर दोन मिनिटं ठेवा. भोवती तळहाताएवढा तेलकट डाग पडला तर परत करा. या मार्गारिनला दुसरी खोड अशी, की ते तोंडातल्या उष्णतेला पूर्ण वितळत नाही आणि टाळूला मेणचट थर बसतो. गरम पॅटिसात हे लपतं, गार झाल्यावर कळतं. म्हणून आवडलेल्या ठिकाणाहून एक जास्तीचं घेऊन गार करून खाऊन बघा. तेही रुचलं तर ती बेकरी लक्षात ठेवण्याजोगी.

पॅटिस उलटून तळ बघायची सवयही लावून घ्या. तळ पांढरट आणि ओलसर असेल तर सारण गरम असतानाच भरलेलं असतं, किंवा ट्रे दाटीने लावलेला असतो. वरून सोनेरी दिसणं पुरेसं नाही, तो रंग वरून फिरवलेल्या अंड्याच्या किंवा दुधाच्या हातामुळेही येतो.

विचारायचे प्रश्न दोनच: भट्टी तुमचीच का, आणि पुढचा ट्रे किती वाजता निघतो? बऱ्याच दुकानांत माल दुसऱ्याच्या भट्टीतून येतो. त्यात वाईट काही नाही, पण मग तो कधी निघाला हे दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलेलं पॅटिस कोमट राहतं, कुरकुरीत राहत नाही. आणि कोमट बटाटा-कांदा इथल्या उन्हाळ्यात लवकर आंबतो. भट्टीतून निघून दोन तास उलटले असतील तर मार्च ते जून व्हेज पॅटिसही टाळा. चिकन तर हाताला चटका बसेल इतकं गरम असेल तरच.

भाव साधारण वीस रुपयांच्या आतबाहेर, एग पॅटिसला थोडे जास्त. एग पॅटिसात बहुतेक ठिकाणी उकडलेलं अर्धं अंडं आणि कांद्याचा मसाला असतो. पैशाच्या मानाने पोट भरण्यात त्याला तोड नाही.

सॉसेज रोलची आशा मात्र धरू नका. इंग्लंडातला अस्सल प्रकार म्हणजे डुकराच्या कच्च्या खिम्यात पावाचा चुरा आणि मसाला घालून तो याच पदरी पिठात गुंडाळून भाजलेला. इथं ‘चिकन रोल’ मागितला तर पोळीत किंवा पावात गुंडाळलेलंही हाती येऊ शकतं, आधी विचारून घ्या. हौस असेल तर ओळखीच्या भट्टीवाल्याकडून पहाटे लाटलेलं कच्चं पीठ घ्या आणि बर्फाच्या डब्यातून घरी न्या. तीन मिलिमीटर जाडीची पट्टी कापा, फ्रीजरमधलं चिकन सॉसेज पूर्ण वितळवून पुसून कोरडं करा, गुंडाळा, सांधा खाली ठेवा, वर दोन-तीन चिरा द्या. भाजण्याआधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग २०० अंशांवर पंचवीस मिनिटं. सॉसेज ओलं राहिलं तर आतलं पीठ शिजतच नाही. बहुतेक जणांचं इथंच बिघडतं.

तळलेल्यात जळगावची मूगडाळीची कचोरी सोडू नये. डाळीच्या गिरण्यांचं हे गाव, डाळीला इथं तोटा नाही. मैद्याला मोहन इतकं हवं की मूठ वळली पाहिजे, आणि तळण मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. कचोरीच्या अंगावर बारीक फोड दिसले तर तेल जास्त तापलेलं होतं. अशी कचोरी अर्ध्या तासात मऊ पडते. कढईशी उभं राहून ताजा घाणा निघेपर्यंत थांबा, आदल्या घाण्यातली पुन्हा तळून देत असतील तर नको म्हणा.

भुसावळ रेल्वेने २४ किलोमीटर, अर्ध्या तासाचं काम. जंक्शनचं गाव असल्याने तिथं गाड्यांच्या वेळेप्रमाणे माल खपतो, त्यामुळे ताजं मिळायची शक्यता चांगली. फलाटावरचं मात्र बघूनच घ्या. शेगावची कचोरी या मार्गावर विकायला येते, ती वऱ्हाडातली. गार झाली तरी चालते, प्रवासाला तीच सोयीची. धुळ्याला गेलात तर पाच कंदील परिसरात हेच निकष लावा.

बरोबर न्यायचं तर खारी न्या, पॅटिस नको. पॅटिस न्यायचंच असेल तर पूर्ण गार होऊ द्या आणि कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये वाफ धरून पदर बसतात. घरी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामट होतं. जाड तव्यावर, झाकण न ठेवता, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिळून सात-आठ मिनिटं ठेवा, सारण आतपर्यंत वाफाळतं गरम झालं पाहिजे.