ताईची गोष्ट

ताईचा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. "बायोप्सी करायला सांगितलीय," ती म्हणाली आणि लगेच, "आईला सांगू नकोस." मी बरं म्हटलं. अर्धवट घडी घातलेला टॉवेल हातातच राहिला.

आईपाशी मी अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याला मात्र त्याच रात्री सांगितलं. त्यात काही चुकतंय असं मनातसुद्धा आलं नाही. लग्नाला बारा वर्षं झालीत, त्याच्यापासून काय लपवायचं? चार दिवसांनी मी ताईशी बोलत असताना त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि अगदी मनापासून विचारलं, "ताई, रिपोर्ट आला का हो?" ताईचा फोन स्पीकरवर होता. आई तिच्या शेजारीच बसली होती.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना. मग आईचा आवाज आला, "कसला रिपोर्ट?"

ताई त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा रागावलीही नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हणाली, "अंगात काय चाललंय ते माझ्या हातात नव्हतं गं. आईला कधी सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, तेवढंच काय ते माझ्या हातात होतं."

त्या तीन आठवड्यांत मी बरंच वाचलं. सँड्रा पेट्रोनिओ या अमेरिकन संशोधक बाईंनी 1991 साली नवरा-बायको एकमेकांना खाजगी गोष्टी कशा सांगतात यावर एक मांडणी केली. पुढे ती मैत्री, कुटुंब, आजारपण अशी सगळीकडे लावली गेली. त्यांचं म्हणणं असं, की खाजगी माहितीला मालक असतो. ती आपण कुणाला सांगितली की ऐकणारा सहमालक होतो, आणि मग ती पुढे कुणाला, किती, केव्हा सांगायची याचे नियम दोघांनी मिळून ठरवायला हवेत. ते ठरले नाहीत, किंवा दोघांनी वेगवेगळे गृहीत धरले, की खळबळ माजते. हे वाचताना टॉवेलची ती घडी डोळ्यांसमोर आली. ताईने एक नियम सांगितला होता, आईचा. नवऱ्याबद्दल ती काही बोलली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. तिने धरून ठेवलं होतं की हे मी फक्त माझ्यापाशी ठेवेन. मी धरून ठेवलं होतं की मला सांगितलं म्हणजे आम्हा दोघांना सांगितलं. एका वाक्याचं काम होतं: "ह्याला सांगू का?"

नवऱ्यावर मी तेव्हा चिडले, ते चूकच. आईला माहीत नाही हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. गोष्ट पोचवली आणि तिच्याबरोबर आलेला नियम वाटेत गाळला. त्याला नुसती काळजी होती आणि ती त्याने दाखवली.

पण "मग नवऱ्याला सांगायचंच नाही" हेही मला पटत नाही. दुसऱ्याचं गुपित एकट्याने सांभाळणं जड जातं. मायकल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली तेरा हजारांहून जास्त गुपितांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला समोरच्यापासून लपवण्याचे प्रसंग त्यामानाने कमी येतात. एकटं असताना मन त्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जातं आणि त्रास मुख्यतः त्याचा होतो, असं त्यांना दिसलं. माझं अगदी तसंच झालं होतं. आईशी बोलताना मी व्यवस्थित निभावलं. रात्री दिवा मालवल्यावर मात्र धीर सुटला. म्हणून आता कुणी काही सांगायला लागलं की मी तिथल्या तिथे सांगून टाकते, "मला हे घरी बोलावं लागेल, चालेल का?" एकदोघींनी "मग राहू दे" म्हटलं. वाईट वाटलं, पण त्यांचा तो हक्क आहे.

फोनचंही आम्ही बदललं. एकमेकांचे पासवर्ड आम्हाला पहिल्यापासून माहीत होते आणि त्याचा मला अभिमान होता. पण माझ्या फोनमध्ये एकटी मी थोडीच असते? मैत्रिणीने रात्री दोन वाजता लिहिलेलं असतं, भाचीची रडारड असते. त्यांनी ते मला लिहिलंय, माझ्या नवऱ्याला नाही. पासवर्ड अजून दोघांना ठाऊक आहेत, मेसेज मात्र ज्याचे त्याने वाचायचे. पहिल्यांदा हे बोलले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, तुझ्यावर आहे रे, पण त्या पोरीने विश्वास माझ्यावर टाकलाय. दोन दिवस तो गप्पगप्प होता. नंतर एकदा त्याच्या मित्राचा फोन येऊन गेल्यावर मी सवयीने विचारलं, "काय म्हणत होता?" तो म्हणाला, "त्याला विचारून सांगतो." तेव्हा कळलं, त्याला पटलंय.

हे लिहून झाल्यावर आधी ताईला वाचायला पाठवलं. तिने रात्री फोन केला. बाकी सगळं राहू दे म्हणाली, आईचं वाक्यसुद्धा. आईला तिने स्वतः विचारलं. एकच परिच्छेद काढायला लावला. रिपोर्टमध्ये काय आलं, ते त्यात होतं.