सानेत्तीवरचा लांडगा आणि पाठोपाठ आलेली कुत्री

प्राणी-पक्षी बघायला निघालेल्या मंडळींचे छोटे गट घेऊन हिंडणं हे माझं काम. इथिओपियातल्या बाले पर्वतात मात्र पहिल्यांदाच गट नेला होता. सहा जण होते, त्यात सगळ्यांत मोठ्या काकू अडुसष्ट वर्षांच्या.

डिन्शो या गावाहून "बारा वाजता" निघायचं ठरलं. तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे बारा म्हणजे आपले सकाळचे सहा. गेसेच्या गवताळ मैदानात माउंटन न्याला अगदी निवांत चरत होते. हे हरीण इथिओपियाबाहेर कुठेच नाही. गोबा हे गाव सोडल्यावर गाडी घाटाला लागली. आधी जंगल, मग दाढ्यांसारखं शेवाळ लोंबणारी हेदरची झाडं, आणि एका वळणानंतर झाडंच संपली. सानेत्तीचं पठार आलं. उंची चार हजार मीटर, बोचरा वारा, आणि मधूनच माणसाहून उंच लोबेलिया नावाची वनस्पती.

काकूंचं डोकं चढलं होतं. डिन्शोला दोन रात्री काढूनही विरळ हवा बाधली. "तुम्ही सगळे जा रे, मी बसते गाडीत," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ थांबलो, बाकीचे वाटाड्याबरोबर तळ्याकडे उतरले. पाण्याचे घोट घेता घेता काकूंनीच माझा दंड घट्ट धरला. काचेबाहेर चाळीसेक फुटांवर तो उभा होता.

विटकरी अंग, पांढराशुभ्र गळा, काळं झुबकेदार शेपूट. पाय लांब, अंगाच्या मानाने बारीक. इथिओपियन लांडगा कळपात राहतो, पण शिकार एकट्याने करतो. समोरच्या बिळातून जायंट मोल रॅटने डोकं काढलं होतं. हा उंदीर फक्त बालेतच सापडतो, अंगाने आपल्या घुशीसारखा दांडगा. डोळे थेट टाळूवर, म्हणजे सगळं अंग बाहेर न काढताही वरचं दिसतं. तो बिळाच्या तोंडाशीच गवत ओढत होता. लांडगा पोट जमिनीला टेकवून एकेक पाऊल टाकायचा आणि थिजायचा. उंदराने मान वळवली की हाही दगड. काकूंचा श्वास मला ऐकू येत होता. मग एक झेप, मातीचा फवारा, आणि उंदीर तोंडात. मी कॅमेरा उचललाच नाही, आणि त्याची मला आजही खंत नाही.

बाकीचे धापा टाकत वर आले तेव्हा लांडगा दूर गेला होता. त्याच वाटेने एक गुराखी घोडे आणि शेळ्या घेऊन आला. पाठोपाठ दोन कुत्री. वाटाड्याचा चेहरा उतरला.

जगात असे प्रौढ लांडगे पाचशेही नाहीत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त या एकट्या बालेत. 2003 साली कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने इथल्या वेब खोऱ्यातले लांडगे पटापट मेले. म्हणून गावोगाव कुत्र्यांना लस टोचतात, लांडग्यांनाही देतात. कुत्री पाळू नका असं मात्र कुणाला सांगता येत नाही, रात्री तरसांपासून गुरं तीच राखतात. मला आपल्या सासवड-बारामतीकडचे माळ आठवले. तिथेही मेंढपाळांची कुत्री आणि लांडगे एकाच माळावर फिरतात. धोका तोच आहे, आणि आपण त्याबद्दल फार कमी बोलतो.

ओरोमो या तिथल्या भाषेत या लांडग्याला 'घोड्यांचा कोल्हा' अशा अर्थाचं नाव आहे. वाटाड्या गुराख्याशी त्याच भाषेत बराच वेळ बोलला आणि परत येऊन म्हणाला, "मोठ्या कुत्र्याला टोचलंय. लहान आहे ते लसवाले येऊन गेल्यावर जन्मलं."

त्याने खिशातून चिमुकली वही काढली, गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि गारठलेल्या बोटांनी गावाचं नाव, गुराख्याचं नाव आणि 'एक पिल्लू' एवढं लिहून घेतलं. मग आम्ही हरेन्नाच्या जंगलाकडे उतरायला लागलो. उतारावर काकूंचं डोकं हळूहळू हलकं झालं.